चार नकाशे आणि एक विहीर



मी केवळ मॅट्रिक झालेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचे भाषण मजकडून होणे नाही. भूगोल मात्र मी पुष्कळ वर्षे शिकविला. म्हणून नकाशाविषयीच चार शब्द बोलण्याचे योजिले आहे.

१८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली, तेव्हा बहुतेक खुणा ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती गोळा झालेल्या दिसल्या. सुट्या गोष्टी नकाशावर आल्या की परस्परांशी बोलू लागतात.

आपल्या विंचूर परिसराचे असे चार नकाशे कल्पून पाहू. पहिला कराचा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, आणि त्याची झळ लासलगावच्या बाजारातून आपल्या चाळीपर्यंत पोहोचली. ते शुल्क पुढे २० टक्के झाले व १ एप्रिल २०२५ रोजी उठले. दुसरा नकाशा शहराचा. नाशिकची वस्ती २००१ च्या जनगणनेत पावणेअकरा लाख होती, ती २०११ मध्ये पावणेपंधरा लाखांवर गेली. तिसरा वन्यजीवांचा. नांदूरमध्यमेश्वर हे १९८६ साली अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र ठरले. इकडे बिबट्या उसात पिले वाढवू लागला. चौथा नकाशा आरोग्याचा, म्हणजे पाण्याचा.

हे चारही एकावर एक ठेवा. वाढत्या शहराचे सांडपाणी गोदावरीतून खाली येते, त्यावर पाणवेली माजतात व पाखरांचे पाणी झाकतात. भाव पडला की शेतकरी उतारा वाढवून तूट भरू पाहतो आणि खताची मात्रा चढवितो. उरलेले नत्र विहिरीत झिरपते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नातू झाला तेव्हा सूनबाईंनी विचारले, "नाना, आपल्या विहिरीचे पाणी बाळाला द्यावे ना?" भूगोलाच्या शिक्षकास उत्तर देता येईना. पाणी तपासून आणले. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमचे प्रमाण तीहून अधिक निघाले. असे पाणी तान्ह्या मुलास घातक ठरू शकते, आणि उकळूनही तो दोष जात नाही. खत टाकणारा हात माझाच होता.

म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक सभासद कुटुंबाने आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे, आणि मंडळाने त्याचा नकाशा पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावा. लाल खूण पडली तर जमिनीचा भाव उतरेल, सोयरीक अडेल, अशी शंका काहींच्या मनात येईल. ती मी जाणतो. परंतु झाकलेली विहीर शुद्ध होत नाही. पहिली लाल खूण माझ्या विहिरीवर घालावी.