घरांतील इंटरनेटचें दुखणें

सातपुड्याच्या पायथ्याशीं यावलला मुलाचा प्रवेश-अर्ज अर्ध्यावर अडला, कीं गृहस्थ दोष कंपनीच्या माथीं मारून दुसरी कंपनी शोधूं लागतो. आधीं राउटरवरील ‘एलओएस’ हा दिवा पाहावा. तो तांबडा असेल, तर फायबरच्या काचतंतूंतून प्रकाश पुरेसा येत नाहीं. तेथें कंपनीलाच बोलवावें. दिवा तांबडा नसेल, तर संगणक तारेनें राउटरला जोडावा. तारेवर वेग पुरा आणि माजघरांत अपुरा, म्हणजे अपराधी बहुधा जुन्या वाड्याची ती जाड भिंत! ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या. पण भिंतीपुढें त्या २.४ च्या लहरींहून लवकर थकतात. बिचारी कंपनी मात्र फुकट बदनाम! तुलनाच करावयाची, तर १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट, हें ध्यानांत ठेवून मोजणी रात्रीं ९ वाजतां, तारेवरूनच करावी.