रानांतील चंचल लहरी

दूरच्या केंद्राचा आवाज मध्येंच विरतो आणि क्षणानें पुन्हां उमटतो, हें लघुलहरी ऐकणाऱ्यांना परिचित आहे. एकाच केंद्राच्या लहरी अनेक वाटांनीं येतात. त्या कधीं एकमेकींना बळ देतात, तर कधीं एकमेकींचा नाश करतात. भ्रमणध्वनीचा न्यायही हाच; मात्र त्याच्या लहरी फार आखूड असल्यामुळें हा खेळ वीत-दीड वितीच्या अंतरांत चालतो.

गोंदिया जिल्ह्यांतील रान व पाणी या दोहोंमुळें हा खेळ अधिक गुंतागुंतीचा होतो. नवेगावबांधच्या जलाशयावरून आणि पावसाळ्यांत भरलेल्या धानाच्या बांध्यांवरून लहरी परततात. नागझिऱ्याच्या रानांतील पानें त्या शोषतात व विखुरतात. ओलीं पानें तर अधिकच. उन्हाळ्यांत सागाचीं पानें गळलीं कीं तेंच रान लहरींना निराळें होतें.

आतां गतीचा विचार करूं. सेकंदास १८० कोटि कंपनांच्या लहरीची लांबी सुमारें १७ सेंटिमीटर असते. सौंदडहून अर्जुनीकडे ताशीं ५४ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदाला १५ मीटर, म्हणजे अशा सुमारें ९० लहरींचें अंतर कापते. अर्ध्या लहरीइतक्या अंतरांतही ग्रहणाची शक्ति पालटूं शकते. म्हणजे सेकंदांत सुमारें १८० वेळां!

मनोऱ्यावर चार व यंत्रांत चार एरिअल असले, तर जोड्या सोळा होतात. विखुरलेल्या लहरी हा निव्वळ अडथळा नसून त्यांच्या साह्यानें एकाच वेळीं अनेक संदेश पाठवितां येतात, हें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फॉश्चिनी यांनीं १९९६ सालीं मांडलें. त्यासाठीं सोळाही जोड्यांचें मापन हवें. ठराविक संकेत पाठवावयाचा आणि तो कितपत बदलून पोंचला हें ताडून पाहावयाचें, ही त्याची रीत. परंतु कांहीं सहस्रांश सेकंदांतच तें माप शिळें होतें.

म्हणून गणिती प्रतिमान लागतें. क्लार्क यांनीं १९६८ सालीं, लहरी सर्व दिशांनीं सारख्याच येतात असें गृहीत धरून, बदलाचा वेग वर्तविला. दाट वस्तीच्या शहरांत तें बरेंच जुळतें. तळ्याच्या कांठीं किंवा रानांतील एकाकी रस्त्यावर दिशा सारख्या नसतात. तेथें प्रतिमानाची परीक्षा प्रत्यक्ष मापनानेंच व्हावयास पाहिजे.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. श्रावणाच्या झडींत रानांतील गांवाहून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणाऱ्यास वर्षाची सरासरी उपयोगी पडत नाहीं. त्याला तोच एक क्षण हवा असतो. वैशाखांतील निष्पर्ण रानांत घेतलेलें माप श्रावणाची हमी देऊं शकत नाहीं.