पारध्याची विद्या आणि माळरानाचा खर्च



अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या जैन तीर्थक्षेत्री संमेलनाच्या अध्यक्षपदावरून शिकाऱ्यांविषयी बोलणे काहींना खटकेल, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला. वाशीम-अकोल्याच्या माळांवरचा तणमोर पक्षी आणि काळवीट टिकणार की नाही, हे ज्या थोड्या लोकांवर अवलंबून आहे, त्यांत फासे लावून शिकार करत आलेले फासेपारधी आहेत. आपल्या लेखनात पारधी आला तो बहुधा चोर म्हणून, नाहीतर रानातला गूढ पुरुष म्हणून. त्यामुळे व्यवहारातला साधा प्रश्न विचारायचा राहून गेला. माळरान राखण्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि तो पैसा कोणाच्या हातात पडायचा?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर शिकाऱ्यांच्या खिशात शोधले. 1934 पासून तिथे बदकांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी एक तिकीट विकत घ्यावे लागते आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराची रक्कम वन्यजीवांसाठी बांधून टाकली. या कायद्याची खरी ताकद एका अटीत आहे. शिकार परवान्यांतून येणारा पैसा जे राज्य दुसऱ्या कामाला वळवील, त्याला केंद्राचा वाटा मिळत नाही. नामशेष होत चाललेली रानटर्की आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण तिथे पुन्हा लाखोंनी वाढले, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. ज्या प्राण्याची शिकार होते त्याच्याकडेच पैसा अधिक जातो, हा या पद्धतीवरचा आक्षेपही खरा आहे. तरी रक्कम कायद्याने बांधलेली असली तर ती जमिनीपर्यंत पोचते, एवढे तिथे सिद्ध झाले.

मग आपणही परवाने विकावेत काय? रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी सोयाबीन-तुरीचे वावर उद्ध्वस्त केलेला शेतकरी हा प्रश्न रागाने विचारतो, आणि त्याचा राग रास्त आहे. पिकांची नासाडी करणाऱ्या या प्राण्यांना परवानगीने मारण्याची तरतूद राज्याने केलेलीच आहे. ती पीकसंरक्षणाची तरतूद आहे, तिच्यातून माळरानासाठी एक रुपयाही उभा राहत नाही. विकाऊ शिकारीचा अनुभव तर आपल्या पदरी आहेच. 1960 च्या दशकात मध्य भारताच्या जंगलांत परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीला नेणाऱ्या कंपन्या राजरोस धंदा करीत होत्या. पैसा आला, पण तो जंगलात परत जावा अशी कोणतीही अट त्याला नव्हती. 1972 च्या गणनेत देशात 1827 वाघ उरल्याचे दिसले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढल्या वर्षी मेळघाटासह नऊ ठिकाणी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. तो दरवाजा बंद झाला हे योग्यच झाले, आणि तो पुन्हा उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र त्या कायद्याने बंदूकवाल्या साहेबाचा छंद गेला, तर फासेवाल्या पारध्याची भाकरी गेली. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींवरचा तो शिक्का 1952 मध्ये पुसला. वीस वर्षांतच पारध्याचा पिढीजात उद्योगच गुन्हा ठरला, आणि त्याच्या हाती दुसरे काम कोणी दिले नाही. आपल्याकडच्या शिकाऱ्याजवळ कर भरायला पैसा नव्हता. त्याच्याजवळ होती ती विद्या, आणि तिची किंमत आपण धरलीच नाही.

ही विद्या काय आहे ते तणमोराच्या उदाहरणावरून कळेल. कोंबडीएवढा हा पक्षी एरवी गवतात दिसत नाही. पावसाळ्यात मात्र नर मादीला दिसावा म्हणून गवताच्या वर उंच उडी घेतो, पुन्हा त्याच जागी उतरतो, आणि दिवसभरात अशा शेकडो उड्या मारतो. त्या उडीपायीच तो शिकाऱ्याला सापडत आला. पारध्याचे फासे एका लांब दोरीला ओळीने बांधलेले असतात. पक्षी उडण्याआधी कोणत्या फटीतून पायी सरकेल, हे ओळखून ते गवतात रोवायचे. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पुढे सरकायचे, आवाज काढून पाखरू हवे त्या दिशेला वळवायचे. गवत किती उंच झाले की नर जागा धरतो, मादी अंडी कुठे घालते, हे ज्याला पोटासाठी शिकावे लागले, त्याच्याइतका चांगला गणनाकार दुर्बीण घेऊन आलेल्या अभ्यासकाला कुठे मिळणार? मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी रानाची माहिती त्यांनी आदिवासी-पारध्यांकडून घेतली आणि ती मराठीत आणली. 2006 च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा या ज्ञानाचाही मान झाला. ज्यांच्याकडून ते आले त्यांच्या घरी मात्र त्यातले काही पोचले नाही.

तणमोराची स्थिती गंभीर आहे. 1999 साली देशभरात सुमारे साडेतीन हजार असलेला हा पक्षी दोन दशकांत सातशेच्या आत आला. अशा वेळी कारंजा लाडच्या 'संवेदना' संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकाराने, अकोला-वाशीमच्या फासेपारध्यांना बरोबर घेतले. तणमोराचा माग काढणे, त्याच्या नोंदी ठेवणे, गावाजवळचे गवताळ माळ राखणे ही कामे पारधी करू लागले. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य जेमतेम 18 चौरस किलोमीटरचे आहे आणि तणमोर त्याची हद्द पाहून उतरत नाही. अभयारण्याबाहेरच्या माळावर पावसाळाभर हजर राहणारा माणूस पारधीच आहे.

यावर आक्षेप येतो की पारधी आजही शिकार करतात, वाघांच्या चोरट्या शिकारीतही त्यांची नावे आली आहेत. आली आहेत, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पण कातडे विकत घेणारा व्यापारी नामानिराळा राहतो आणि फासा लावणारा तुरुंगात जातो. तो सुटून परततो तेव्हा त्याच्यापुढे तेच एक काम असते. 2009 मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्रप्रकल्पात एकही वाघ उरला नव्हता. तिथे वाघ पुन्हा आणले गेले, तिथेच पारध्यांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली आणि पुढे पारधीच पर्यटकांना रान दाखवू लागले. गुन्ह्याला शिक्षा हवीच. पण सगळ्या जमातीवर संशय धरून माळ राखला जात नाही, हे पन्नाने दाखवले.

दुसरा आक्षेप अहिंसेचा आहे, आणि या गावी तो आदराने ऐकला पाहिजे. पकडलेली पाखरे पैसे देऊन सोडवण्याची रीत जैन समाजात जुनी आहे. तिच्यामागची करुणा खरी आहे. परिणाम मात्र उलटा होतो, कारण सोडवणाऱ्याचा पैसा पुढच्या फाशाचे मोल ठरतो. तोच जीवदयेचा पैसा पाखरू न पकडण्यासाठी, माळावर राखणीला उभे राहण्यासाठी पारध्याला द्यावा, असे मी इथल्या समाजाला विनवतो. हिंसा थांबवायची तर हिंसेवर ज्याचे पोट आहे त्याला दुसरी मिळकत द्यावी लागते. ती कमी पडली, तर मोह आणि सक्ती दोन्ही जिंकतात.

राहिला जमिनीचा प्रश्न. आपल्या गावांतली ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची, जमीन कागदावर पडीक आहे. तिच्यावर अतिक्रमण होते, नाहीतर वृक्षलागवडीचे खड्डे खणले जातात. माळावर झाडे लावली की माळ मरतो, आणि माळाबरोबर तणमोर मरतो. 2002 च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती नेमावी लागते. त्या समितीत पारध्यांना जागा असावी. ज्या ई-क्लास तुकड्यात तणमोर उतरतो तो ठरावाने राखावा, आणि पिल्ले उडेपर्यंत तिथे गुरे व विळा जाऊ देऊ नये. त्यानंतरच्या गवतकापणीचा पहिला हक्क राखणदारांना मिळावा, म्हणजे चाऱ्याच्या विक्रीतून त्यांची मजुरी सुटेल. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे मानधन जिल्हा नियोजनाच्या निधीतून, त्याच कामासाठी बांधलेले आणि थेट खात्यात जमा होणारे असावे. नोंदींवर, अहवालांवर आणि त्यांतून निघणाऱ्या पुस्तकांवर राखणदाराचे नाव छापले जावे. हा ठराव या संमेलनाने संमत करून इथल्या मालेगाव तालुक्यातल्या ग्रामसभांकडे पाठवावा, अशी सूचना मी अध्यक्ष म्हणून मांडतो.