शंखातले बिऱ्हाड

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून बोलणाऱ्याने पूर्वजांच्या पराक्रमापासून प्रारंभ करावा, असा प्रघात आहे. आम्ही आज एका क्षुद्र जलचरापासून प्रारंभ करीत आहो, याबद्दल क्षमा असावी.

कोकणच्या पुळणीवर ओहोटीच्या वेळी एखादा लहानसा शंख चालू लागलेला दिसतो. तो बांधणारी समुद्रातील गोगलगाय केव्हाच मेलेली असते. आत बिऱ्हाड थाटलेले असते ते एका खेकड्याने. इंग्रजीत यास ‘हर्मिट क्रॅब’, म्हणजे संन्यासी खेकडा, म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरील यांच्या एका प्रजातीस शास्त्रज्ञांनी ‘डायोजेनिस’ असे नाव दिले आहे. रांजणात राहणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रीक तत्त्ववेत्त्याचे हे नाव. ठेवणारा रसिक असला पाहिजे.

या प्राण्याच्या नांग्या कठीण, परंतु पोट अगदी मऊ. स्वतःचा शंख निर्माण करणे त्याच्या हाती नाही. शिवाय अंग वाढते, शंख वाढत नाही; तेव्हा मोठ्या शंखाचा शोध आलाच. एखादा चांगला रिकामा शंख लाटेबरोबर किनाऱ्यास लागला की भोवती लहानमोठे खेकडे जमतात आणि पुष्कळदा मोठ्यामागे लहान अशी रांग धरतात. सर्वांत मोठा नव्या शंखात शिरतो. त्याने टाकलेल्यात दुसरा, दुसऱ्याच्या शंखात तिसरा, अशी पाहता पाहता सर्वांची बिऱ्हाडे बदलतात. शंख एकच आला, परंतु सोय अनेकांची झाली. आयव्हन चेस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८८ साली या साखळीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांची घरे आणि नोकऱ्या रिकाम्या होतात त्यांची साखळीही अशीच असते. कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावरील एका जातीचे खेकडे तर शंख आतून कोरून प्रशस्त करतात, आणि तो कोरलेला शंख पिढ्यान्‌पिढ्या पुढच्यांच्या उपयोगी पडतो.

यात औदार्य आहे, असे मात्र कोणी समजू नये. अधिक सोयीचे मिळाल्यावाचून खेकडा सहसा जुने सोडीत नाही. प्रसंगी दुर्बळाला शंखातून ओढून बाहेरही काढतो. परंतु दोन शंख पाठीवर घेऊन त्यास चालता येत नाही. माणसास ते येते. आपल्या वसतिगृहाची गोष्ट घ्या. ते आपण बांधले नाही. वर्गणी गोळा करणारे आज हयात नाहीत. तेथे राहून पदवी घेतलेले, नोकरीस लागलेले, उपनगरात स्वतःची जागा केलेले काही बंधू खोलीची किल्ली अद्याप आपल्याकडेच ठेवून आहेत. आणि गावाकडून आलेला विद्यार्थी नातेवाइकाच्या ओसरीवर अंथरूण पसरतो. शिष्यवृत्तीच्या कर्जाऊ रकमांचे तेच. हप्ता थांबतो तेव्हा नुकसान मंडळाच्या वहीचे होत नाही, रांगेतल्या पुढच्या मुलाचे होते. हे बोलणे कटू वाटेल, पण सभागृहाबाहेर सर्वजण हेच बोलतात.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी सांगावीशी वाटते. यांपैकी जमिनीवर राहणारा एखादा खेकडा मेला की त्याच्या गंधावरून इतरांना शंख रिकामा झाल्याची वर्दी मिळते व ते तिकडे धाव घेतात. ही खूण शंखाच्या बाबतीत हिताची. आता बेटांवर प्लास्टिकच्या बाटल्या वाहून येतात. एक खेकडा आत शिरतो, गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर पडू शकत नाही, मरतो. त्या वासाने दुसरा येतो, मग तिसरा. कोकोस (कीलिंग) आणि हेंडरसन या बेटांच्या २०१९ अखेर प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ५ लाख ७० हजार खेकडे अशा कचऱ्यात अडकले असावेत, असा अंदाज दिला आहे. एकाच डब्यात ५२६ सापडले! अमक्याचा मुलगा ज्या महाविद्यालयात गेला तेथेच आपलाही घालावयाचा, मग त्यासाठी शेत गहाण पडो, हा आपल्या ज्ञातीतील रिवाज पाहिला म्हणजे आम्हांस ती बाटली आठवते. आत किती गेले हे आपण विचारतो. शिकून बाहेर किती आले आणि कोठे लागले, हे विचारणारा पालक विरळा.

वसतिगृहाच्या चिटणिसांनी खोल्यांची यादी मंडळाच्या फलकावर लावली आहे. जूनमध्ये नवे विद्यार्थी येतील. ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत त्यांनी त्या मे अखेर कार्यालयात आणून द्याव्यात. खोलीत जुनी पाठ्यपुस्तके असतील, तर ती कपाटातच राहू द्यावीत.