चाळणी आपल्या हातची

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गटांच्या सचिव आणि लेखापाल ताईंसमोर केलेल्या मार्गदर्शनाचा मजकूर)



आज व्याजाचा हिशोब नाही आणि वसुलीही नाही. आज बोलायचं आहे आपल्या गटाच्या, ग्रामसंघाच्या ई-मेलबद्दल. नाव काढलं की कोणीतरी म्हणतेच, "मॅडम, तो उघडून काय करू? निस्ता कचरा येते त्याच्यात."

खरं आहे. 'पाच मिनिटांत लोन', 'तुम्हाला लॉटरी लागली', 'घरबसल्या कमवा'. न मागता ढिगानं येणाऱ्या अशा मेलला स्पॅम म्हणतात. हे दुखणं आजचं नाही. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक कंपनीच्या माणसानं आपली जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे जणांना पाठवली. पहिला स्पॅम तोच मानतात. पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास काहीच नाही, म्हणून हा कचरा थांबत नाही.

पण कचरा येतो म्हणून मेल उघडायचाच नाही, हे बरं नाही. बँकेचं पत्र, प्रदर्शनातल्या स्टॉलचा निरोप, पापड-मसाल्याची ऑर्डर, सगळं त्याच वाटेनं येतं.

आता माझीच चूक सांगते. मागे आमच्या मेलवर कर्जाच्या जाहिराती लय वाढल्या. मी कंटाळले आणि मोठी हुशारी केली. ज्या मेलमध्ये 'लोन' शब्द असेल, तो आपोआप डिलीट व्हावा, असा फिल्टर लावून टाकला. पंधरा दिवस मेल एकदम स्वच्छ! मी खूश. मग एका गटाच्या अध्यक्ष ताईंचा फोन आला, "काहो मॅडम, आपल्या कर्जाचं काय झालं? पेरणी तोंडावर आली ना."

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, कागदांची यादी तर तुम्हाला केव्हाच मेल केली. शोधली, तर ट्रॅशमध्ये. त्या मेलातही 'लोन' शब्द होताच ना! कागद पुरे करून पैसे हाती येईपर्यंत पेरण्या होऊन गेल्या. दोघी-तिघींनी बियाणं उधारीवर, जास्त भावानं घेतलं. कोणी मला बोललं नाही, पण मला ते लागलं. दोष बँकेचा नव्हता. चाळणी मी चुकीची लावली होती.

तुम्ही गहू चाळता. भोकं फार लहान असली तर माती दाण्यातच राहते. फार मोठी असली तर दाणेही मातीसंग खाली जातात. मेलच्या फिल्टरचं तसंच आहे. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा. आपल्यापैकी बहुतेकींचा मेल जीमेलवर आहे, त्याचंच सांगते.

पहिली गोष्ट. नको असलेला मेल नुसता डिलीट करू नका. त्यानं तो एकच मेल जातो. वरच्या तीन टिंबांवर दाबून 'रिपोर्ट स्पॅम' करा. म्हणजे असा मेल नको, हे जीमेलला कळतं आणि पुढचे तसे मेल ते आपणच बाजूला काढू लागतं. नव्या सुनेला घरची रीत दाखवावी लागते, तसं हे शिकवावं लागतं.

दुसरी गोष्ट. आठवड्यातून एकदा स्पॅमचा कप्पा उघडाच. तिथला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा पुसला जातो. त्यात कामाचा मेल दिसला तर 'नॉट स्पॅम' करा, तो परत आपल्या जागी येतो. पण तिथल्या अनोळखी मेलमधल्या कुठल्याही लिंकला हात लावू नका.

तिसरी गोष्ट, माझ्या चुकीतून शिकलेली. फिल्टर शब्दावर लावू नका, पत्त्यावर लावा. हे काम मोबाईलच्या ॲपमध्ये होत नाही, संगणकावर बसावं लागतं. वरच्या शोधायच्या चौकोनाच्या उजव्या टोकाच्या खुणेवर दाबा. 'फ्रॉम'समोर बँकेचा किंवा कार्यालयाचा पूर्ण ई-मेल पत्ता लिहा. 'क्रिएट फिल्टर' करा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' यावर खूण करा. पत्ता मात्र शाखेत जाऊन लिहून आणा. मेलवर दिसणारं नाव कोणीही बँकेचं लावू शकतं, म्हणून ॲट चिन्हाच्या पुढचं अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

चौथी गोष्ट. ओळखीच्या दुकानाच्या जाहिराती नको असतील तर 'अनसबस्क्राइब' करा. अनोळखी मेलमध्ये तसं काही लिहिलेलं असलं तरी दाबू नका. त्यानं फक्त कळतं, की हा पत्ता चालू आहे. तिथं रिपोर्ट स्पॅमच बरं.

आणि एक. चाळणी कितीही चांगली असली तरी एखादा खडा राहतोच. म्हणून आपण पीठ दळायच्या आधी गहू हातानंही निवडतो. ओटीपी मागणारा, घाई करणारा मेल आला, तर थांबा, गटात विचारा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

मी तो 'लोन'वाला फिल्टर त्याच दिवशी काढला आणि बँकेच्या पत्त्याचा लावला. आता आमच्या कार्यालयात दर सोमवारी एक ताई स्पॅमचा कप्पा पाहते आणि वहीत तारीख टाकून सही करते. दोन मिनिटांचं काम आहे.

नियमित बैठक, नियमित बचत आपण पाळतोच. त्यात हे नियमित चाळणंही धरा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या ग्रामसंघाचा स्पॅमचा कप्पा एकदा पाहून या, आणि काय सापडलं ते सांगा. कोण जाणे, एखादीची ऑर्डर तिथंच पडून असेल.