पगारी गोलंदाज

भिवपुरी, नेरळ, कर्जत या बाजूला भाताची कापणी आटोपली, खळी उरकली, की मोकळ्या झालेल्या खाचरांत पोरांचे खेळ सुरू होतात. त्यांत एखादा मुलगा असा निघतो की त्याचा हात इतरांहून निराळा आहे हे बघ्यालाही कळावे. शाळेच्या संघात त्याचे नाव होते, तालुक्याच्या सामन्यांत होते. आणि मग एक दिवस असा उगवतो की पुढचा मार्ग मुंबईच्या मैदानाकडे जातो. कर्जतेपासून मुंबई शंभर किलोमीटर. तेथवर रोज जायचे, तर खेळाचा प्रश्न हातापायांचा राहत नाही. गाडीभाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि घरच्या चुलीचा होऊन बसतो. खेळणाराने खेळावर पोट भरावे की भरू नये, हा वाद येथूनच उत्पन्न होतो, आणि तो फार जुना आहे.

इंग्लंडात हा वाद कडाक्याने माजला तो रग्बीच्या खेळात. उत्तरेकडील यॉर्कशायर, लँकेशायर या प्रांतांत गिरण्यांतील व खाणींतील मजूर हा खेळ खेळत. शनिवारच्या सामन्यासाठी त्यांचा रोज बुडे. तेवढी बुडालेली मजुरी तरी क्लबाने भरून द्यावी, एवढेच तेथील संघांचे मागणे होते. दक्षिणेकडील सद्गृहस्थांना ते मान्य होईना. पैशाचा स्पर्श झाला की खेळ भ्रष्ट झाला, असे त्यांचे मत. अखेर १८९५ च्या २९ ऑगस्टला हडर्सफील्ड येथील एका हॉटेलात उत्तरेकडील वीसहून अधिक संघ जमले आणि त्यांनी आपली चूल वेगळी मांडली. मूळच्या रग्बी युनियनने मात्र पैसा न घेण्याचा आपला नेम पुरी शंभर वर्षे पाळला. तो १९९५ च्या ऑगस्टात सुटला. तेव्हापासून शाळेतला होतकरू मुलगा उजळ माथ्याने करार करून पगारी खेळाडू होऊ लागला. मुंबईत तर २०२५ च्या जूनमध्ये पगारी रग्बीची सहा संघांची स्पर्धाही भरली.

ज्या काळात इंग्लंडात ही भांडणे चालली होती, त्याच काळात पुण्याच्या एका मैदानावर एक मुलगा महिना चार रुपये वेतनावर चेंडू टाकीत होता. त्याला कोणी करार लिहून दिला नव्हता आणि त्याच्या वेतनावरून कोठे सभाही भरल्या नाहीत. तो मैदानावरचा नोकर होता. त्याचे नाव बाळू. पुढे सर्व हिंदुस्थानाने त्यांना पी. बाळू किंवा पालवणकर बाळू या नावाने ओळखले. नोकर म्हणून मैदानावर आलेला हा मुलगा त्याच मैदानाच्या जोरावर विलायतेपर्यंत कसा पोहोचला, आणि पोहोचल्यावरही त्याला काय मिळाले नाही, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

बाळूंचा जन्म १८७६ मधला, धारवाडचा. कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजाचे. अर्थात् त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य मानलेले. वडील लष्कराच्या चाकरीत असल्याने मुलांचे बालपण पुण्यास गेले, आणि लष्करातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू यांवर बाळू आणि धाकटे बंधू शिवराम यांनी क्रिकेटचे पहिले धडे गिरविले. शाळा फार काळ लाभली नाही. घराला हातभार लावणे अवश्य होते, म्हणून पोर वयातच बाळूंनी पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात नोकरी धरली. काम झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे. वेतन महिना तीन रुपये. क्वचित् एखाद्या सभासदाला सरावासाठी चेंडू टाकावे लागत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे एक रुपया अधिक मिळाला आणि कामेही वाढली: खेळपट्टीची निगा, जाळ्या बांधणे, टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे. त्या क्लबातील एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना जाळीत गोलंदाजी करावयास लावले, आणि लवकरच ध्यानात आले की हा मुलगा डाव्या हाताने संथ चेंडू टाकतो खरा, पण त्याच्या चेंडूपुढे उभे राहणे सोपे नाही.

क्लबाचे मोठे फलंदाज कॅप्टन ग्रेग. पुढे मुंबई इलाख्यात त्यांचे नाव गाजले. हे ग्रेगसाहेब इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. असे सांगतात की आपल्याला बाद केल्यास दर वेळी आठ आणे, असा त्यांनी शब्द दिला होता. म्हणजे महिन्यात आठ वेळा साहेबाला बाद केले की दुसरा पगार हाती आला! गुरूच्या उपदेशाने जे साधत नाही ते अशा हिशेबाने साधते. खेळपट्टी कोणत्या जागी टणक आहे, कोठे ओल राहिली आहे, हे तिच्यावर रूळ फिरविणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार? मनोरंजनासाठी येणारा सभासद आठवड्यातून दोनतीनदा येई. बाळू रोज, उन्हातान्हात, तासन् तास चेंडू टाकीत. टप्पा कोठे पडावा, चेंडू हवेत किती रेंगाळावा, कोणता आत यावा व कोणता सरळ जावा, हे सर्व त्यांच्या बोटांना या चाकरीनेच शिकविले.

पण या चाकरीची दुसरी बाजू अशी की त्या मैदानावर बाळूंच्या हाती फळी कधीच पडली नाही. फलंदाजी हा सभासदांचा मान, आणि चेंडू टाकणे हे गड्याचे काम! वर्षानुवर्षे एकाच खेळपट्टीवर, पण नेहमी एकाच बाजूला. ज्यांनी त्यांच्या घामावर आपली फलंदाजी घडविली त्यांनी त्यांना एकदाही ‘घे, तू खेळून पाहा’ असे म्हटले नाही. हे दुष्टपणाने झाले असे मानण्याचे कारण नाही. तसे काही कोणाला सुचलेच नाही, आणि रूढीचे खरे बळ माणसाला काही सुचू न देण्यातच असते.

पुण्यातील हिंदूंच्या संघाला या गोलंदाजाची वार्ता लागली तेव्हा मोठाच पेच पडला. युरोपियनांना हरवावयाचे तर बाळू हवेत. आणि बाळूंना घ्यावे तर सोवळेओवळे आड येते. संघातील काहींचा आग्रह, काहींचा विरोध. अशात ग्रेगसाहेबांनीच उघड बोलून दाखविले की असा गोलंदाज बाहेर ठेवणे हा हिंदूंचा निव्वळ मूर्खपणा होईल. बाळू संघात आले. मैदानात सर्वजण त्याच चेंडूला हात लावीत. परंतु चहाची वेळ झाली की इतर मंडळी आत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडात चहा मिळे. भोजनाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवावयाचे झाले तर पाणीही अस्पृश्य नोकराच्या हातून येई. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

तथापि गडी बाद होत गेले तसतशी ही भिंत खचू लागली. पूना क्लबाचा पराभव झाला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यावरही हिंदूंचा विजय झाला आणि तेथे बाळूंची मिरवणूक निघाली. पुण्याच्या सत्कारात न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. ज्यांच्या बरोबर खेळता त्यांच्या बरोबर बसावयास काय हरकत आहे, हा प्रश्न आता सुधारकांना उदाहरणासह विचारता येऊ लागला. व्याख्यानांनी जे पटत नव्हते ते धावफलकाने थोडेबहुत पटविले.

पुढे प्लेगाच्या सुमारास बाळू बोरघाट उतरून मुंबईस आले. तेथे त्यांना लष्करी पलटणीच्या संघात व नंतर रेल्वेत आधार मिळाला. हिंदू जिमखान्यात प्रवेश देताना पुन्हा कुरकुर झाली. पण मुंबई हे व्यापाऱ्यांचे शहर. मालाची पारख झाल्यावर तेथे फार वेळ घासाघीस चालत नाही. धाकटे बंधू शिवरामही त्याच संघात आले.

१९०६ च्या फेब्रुवारीत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. पावसाळ्यात रग्बी खेळली जाते तेच हे मैदान. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. हिंदूंचा दुसरा डाव १६० वर आटोपला. सामना अद्याप कोणाचाही होता. परंतु युरोपियन अवघ्या १०२ धावांत कोसळले आणि हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्यात ३७ धावांत पाच गडी टिपले. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला होता. त्या दिवसांत या विजयाला खेळापलीकडचा अर्थ आला यात नवल नाही. वृत्तपत्रांनी आणखी एका गोष्टीची नोंद घेतली, ती अशी की, हे चर्मकार बंधू आता इतर खेळाडूंबरोबर एकाच पंक्तीस बसत होते. पुण्यातील त्या मातीच्या कुल्हडापासून येथवर यावयास दहाबारा वर्षे लागली.

१९११ साली सर्व हिंदुस्थानचा म्हणून पहिला संघ विलायतेस गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. ते बहुतेक काळ इतर समारंभांत गुंतलेले; संघ हरत चालला. तेवीस सामन्यांपैकी पंधरांत पराभव आला. त्या निराशेत एकटे बाळू उभे होते. वय पस्तिशीचे, खांदा दुखरा, हवा परकी. तरी त्या एका मोसमात त्यांनी सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, दर गड्यास सरासरी १८.८४ धावा देऊन. लेस्टरशायरविरुद्ध ११ गडी त्यांच्या वाट्याला आले, आणि तो सामना हिंदी संघाने जिंकला. त्यांच्या सर्व प्रथम श्रेणीच्या सामन्यांचा हिशेब मांडला तर अवघ्या ३३ सामन्यांत १७९ गडी, आणि सरासरी पंधरा धावांच्या किंचित् वर.

इतके झाल्यावर हिंदू संघाचे नेतृत्व या पुरुषाकडे साहजिकच यावे. ते आले नाही. कर्णधारपद एम. डी. पै यांच्याकडे गेले. पै हे सरळ मनाचे गृहस्थ. १९१३ साली आपल्या सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान वयाने व अनुभवाने वडील असलेल्या आपल्या मित्राला, बाळूंना, मिळावयास हवा होता. टाळ्या पडल्या असतील. पण कर्णधार बदलला नाही. येथे जात आड आली हे तर उघडच आहे. परंतु जातीच्या जोडीला आणखीही एक समजूत होती, आणि ती पुण्यातील जाळीतून बाळूंच्या मागे आली होती: चेंडू टाकणाराने चेंडू टाकावा, हुकूम दुसऱ्याने द्यावा. विलायतेत तरी निराळे काय होते? तेथे सद्गृहस्थ खेळाडू आणि पगारी खेळाडू यांना पुष्कळ मैदानांवर बाहेर येण्याची दारेदेखील वेगळी असत. इंग्लंडच्या संघाचे नेतृत्व विसाव्या शतकात पगारी खेळाडूला, लेन हटन यांना, मिळाले ते १९५२ साली.

१९२० साली हा प्रश्न चिघळला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांतून बाळूंना वगळण्यात आले, आणि पै आजारी पडताच कर्णधारपद विठ्ठल यांना डावलून देवधरांना देण्यात आले. विठ्ठल हे बाळूंचे धाकटे बंधू, संघातील आघाडीचे फलंदाज. ज्या घरातील थोरल्याच्या हाती क्लबाने फळी दिली नव्हती त्याच घरातील हा धाकटा फळीनेच नावारूपास आला होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून संघातून अंग काढून घेतले. आपल्याला डावलण्याचे कारण आपली जात होय, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले. मुंबईत खळबळ उडाली. अखेरच्या सामन्यासाठी दोघा बंधूंना परत बोलाविणे भाग पडले. बाळूंनाही संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. पै बरे होऊन खेळावयास आले होते. सामना चालू असता ते काही काळ मैदान सोडून गेले, आणि तेवढ्या वेळापुरते क्षेत्ररक्षण बाळूंच्या आज्ञेने चालले. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या गोलंदाजाला हिंदू संघाचे नेतृत्व लाभले ते एवढेच.

पुढची दोन वर्षे पुन्हा तीच टाळाटाळ झाली. १९२३ साली मात्र विठ्ठल यांची कर्णधार म्हणून निवड झाली. हिंदूंनी स्पर्धा जिंकली आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतले. या चारही बंधूंच्या घराची कहाणी विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या आपल्या मराठी पुस्तकात १९४८ साली लिहून ठेवली. बाळू स्वतः नंतर राजकारणात ओढले गेले. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. १९५५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे देहावसान झाले.