मथळे खरे झाले असते तर

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मेळाव्याला आलो की मंडळी म्हणतात, साहेब, खताबियाण्याचे काही सांगा. आज रद्दीचे सांगतो. घरातले वर्तमानपत्र शिळे झाले की आपण त्यात भाकरी बांधतो. बांधण्याआधी एक खेळ खेळून बघा. जुना मथळा घ्यायचा, तो शब्दशः खरा झाला असे धरायचे आणि पुढे काय घडले ते आपण रचायचे. बातमी सरकारची, पुढची गोष्ट आपली.

पहिला मथळा २००२ सालचा. पाऊस सरासरीच्या १०१ टक्के पडणार. आता पुढची गोष्ट. ढगाने दिल्लीला वर्तमानपत्र वाचले आणि तो बरोबर १०१ टक्के भरून निघाला. वाटेत प्रत्येक कचेरीत थांबला. कोणी म्हणाले अर्ज आणा, कोणी म्हणाले सातबारा जोडा. शिवारात पोचेपर्यंत ८१ टक्केच उरला. (हशा) यातला ८१ चा आकडा मात्र रचलेला नाही. त्या वर्षी देशात तेवढाच पाऊस झाला आणि जुलैत तर सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. अंदाज चुकू शकतो, आभाळ कोणाच्या बापाचे नाही. पण दुबार पेरणीचे बियाणे कोणी घेतले? अंदाज छापणाऱ्याने नाही घेतले.

दुसरा मथळा २००८ सालचा. शेतकऱ्यांना साठ हजार कोटींची कर्जमाफी. सात एकराचा कोरडवाहू शेतकरी आनंदाने बँकेत गेला. साहेबांनी नियम दाखवला : दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, म्हणजे पाच एकर. त्याच्या वर असाल तर आधी पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सूट. गडी घरी आला, बांधावर उभा राहिला आणि वरच्या दोन एकरांना हात जोडून म्हणाला, "बाबांनो, तुम्ही चार दिवस पाहुणे म्हणून शेजारच्या शिवारात जा. साहेब गेले की या." जमीन म्हणाली, "आम्ही जातो, पण आमच्यावरचा मुरूम आणि दगडही नेतो. त्याशिवाय आमच्यात आहे काय?" (हशा) पाणी असलेले पाच एकर आणि पाण्यावाचूनचे सात एकर एकाच गजाने मोजले, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातला कापूसवाला रांगेतून बाहेर पडला. सावकाराच्या वहीला तर त्या माफीने हातच लावला नव्हता.

तिसरा, मार्च २०१२. पाच तारखेला कापसाच्या निर्यातीवर बंदी, आठवडाभरात बंदी मागे. आमच्या गोष्टीत कापसाची गाडी बंदरापाशी पोचली, माघारी वळवली, पुन्हा पुढे वळवली. शेवटी बैलच गाडीवर चढून बसले आणि म्हणाले, "आता तुमीच ओढा, आमाले चक्कर येऊन रायली." (हशा) हसलात, पण ज्याने नेमक्या त्या आठवड्यात देणी भागवायला कापूस विकला, त्याचे काय? निर्णय मागे घेता येतो. विकलेला कापूस मागे घेता येत नाही.

चौथा, २०१६. शेतकऱ्यांचे उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट. हा मथळा डिझेलने वाचला, खताने वाचला, फवारणीच्या औषधाने वाचला. त्यांना वाटले आपल्यालाच सांगितले आहे.

पाचवा, २०२३. भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष; ज्वारी झाली श्रीअन्न. ज्वारी दिल्लीच्या मेजवानीला जाऊन आली आणि पोत्यात बसेना. म्हणे, आता मला अहोजाहो करा. मायबहिणींनी विचारले, "अहो श्रीअन्नबाई, मान वाढला, भावाचे काय?" तिने मान खाली घातली. आपल्याकडे ज्वारीचा पेरा वर्षानुवर्षे घटतो आहे. ज्वारी गेली की कडबा जातो, कडबा गेला की दावणीचा बैल जातो. ही साखळी मथळ्यात मावत नाही.

शेवटचा, २०२५. मे महिन्यात लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये हमीभाव जाहीर. ऑगस्टच्या १९ तारखेपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क रद्द. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी कापसाने मथळा वाचला आणि तो जहाजात बसला. आपला कापूस तेव्हा पात्या-फुलांत होता, त्याला अजून अक्षरओळख नव्हती. बोंडे फुटली तेव्हा त्याने हमीभावाचा मथळा वाचला आणि केंद्रावर गेला. तिथे ओलावा मोजायचे यंत्र. आठ टक्के असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, बाराच्या वर घरी परत. कापूस म्हणाला, "मथळ्यात ओलाव्याचे लिहिले नव्हते." यंत्र म्हणाले, "मी मथळे वाचत नाही."

भावांनो, यातली एकही बातमी खोटी नव्हती, हेच लक्षात घ्या. खोटी बातमी ओळखता येते. अर्धी बातमी फसवते. उरलेली अर्धी अटीत असते, तारखेत असते, आणि ती आपल्याला केंद्राच्या दारात कळते.

म्हणून एक काम सांगतो. प्रत्येक गावाने शंभर पानी वही करावी. शेतीच्या निर्णयाचा मथळा कापून डाव्या पानावर चिकटवावा. उजव्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी : हे कोणाला मिळणार? कोणत्या तारखेपर्यंत? कोणत्या अटीवर? खाली त्या दिवशीचा आपल्या बाजार समितीतला भाव लिहावा आणि महिन्याने पुन्हा लिहावा. शाळेत जाणारी पोर हे काम करील. घाईने माल विकायचा की थांबायचे, हे ठरवताना ती वही उघडा. पुढाऱ्याची सभा लागली की तीच वही घेऊन पहिल्या रांगेत बसा.

पुढच्या मेळाव्याला वह्या घेऊन या. भाषण मी करणार नाही. वह्याच वाचू.